गाडी सहा महिने शेडमध्ये

तुळशीचं लग्न लागलं की आम्ही दोघं मुलाकडं निघतोय, अमेरिकेत, मिनियापोलिसला. सूनबाईंचे दिवस भरत आलेत, त्यामुळं जाणं भाग आहे आणि परत यायचं ते एकदम एप्रिलअखेर. तोवर साताऱ्यात, करंज्यातल्या आमच्या घराशेजारच्या शटरच्या शेडमध्ये वॅगन-आर उभी राहणार. घरात डिंकाचे लाडू, मेतकूट, अळीव, खारीक-खोबरं असा बाळंतिणीचा पसारा पडलाय आणि मी गाडीखाली. "तिकडं नातवंड येतंय आणि ह्यांना बॅटरीची पडलीय," हे रोज ऐकून घेतो.

सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथं पळणाऱ्या गाडीची दुखणी कळली, पण उभ्या गाडीची दुखणी वेगळी असतात, हे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डोळ्यांनी बघितलं. आगारात गाड्या एकीला एक चिकटून रांगेत लावलेल्या. एरवी ज्या गाडीचं इंजिन गार व्हायला वेळ मिळत नाही, ती गाडी जागेवर. खाली वाकून ब्रेकसाठीच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडला की आधी फुस्स आवाज आणि मागोमाग ताकासारखं पांढरट पाणी. कॉम्प्रेसर जी हवा भरतो तिच्यातलाच तो दमटपणा. पाऊस नाही, गळती नाही, आणि तरी टाकीत पाणी. तेव्हापासून उभ्या गाडीकडं बघताना माझ्या डोक्यात पहिला विचार पाण्याचा येतो.

आता मूळ मुद्दा. आम्ही जाणार म्हटल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही निर्धास्त जावा. मी दर रविवारी येऊन पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो." पोरगं गुणी आहे, मनापासून बोलला. पण नेमकी हीच गोष्ट करू नको म्हणून मी त्याला हात जोडले. आमच्या कॉलनीत निम्मे लोक हेच करतात आणि गाडीची काळजी घेतली असं समजतात. त्याला तोंडी सांगितलं ते पटलं नाही, म्हणून इथं हिशेब मांडतो.

गाडी बंद असली तरी बॅटरी थोडी थोडी खर्च होत असते. घड्याळ, रिमोट लॉक, इंजिनचा कॉम्प्युटर, सगळे जागेच असतात. साध्या गाडीत हा खर्च तीस-चाळीस मिलिअँपिअरच्या घरात. ४० धरा. आठवड्याचे तास १६८, म्हणजे जवळजवळ पावणेसात अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर, हे बॅटरीचं माप) गेले. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. पाच आठवड्यांत ती रिकामी. आता रविवारच्या पाच मिनिटांत परत किती येतं? आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, अल्टरनेटरनं (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) अगदी १५ अँपिअर बॅटरीत टाकले असं मानलं, तरी पाच मिनिटांचे सव्वा अँपिअर-अवर. गेले पावणेसात, आले सव्वा. लोक म्हणतात की स्टार्टरच सगळी बॅटरी खातो. तसं नाही. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असेल, पण दोन-तीन सेकंदच. तो खड्डा मिनिटाभरात भरतो. आठवडाभराची गळती भरायला मात्र हायवेवर तासभर पळवावी लागेल, आणि पुतण्या काही दर रविवारी कराडला जाऊन येणार नाही.

दुसरा हिशेब पाण्याचा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, त्याचं हे पाणी. गाडी तापलेली असली की ते वाफ होऊन निघून जातं. गार गाडी पाच मिनिटं चालवली तर ती वाफ सायलेन्सरपर्यंत पोचते आणि तिथंच थंड होऊन बसते. सकाळी गाडी चालू केल्यावर मागच्या पाइपमधून थेंब टपकतात ना, तेच. पाच मिनिटांनी तुम्ही चावी फिरवता आणि ते पाणी आत राहतं, पुढच्या रविवारी त्यात भर. सायलेन्सर बाहेरून चकाचक आणि आतून चाळण, अशा गाड्या मी बघितल्यात. थोडं पाणी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्येही उतरतं. ऑइलच्या झाकणाच्या आत सायीसारखा दुधी थर धरतो तो त्याचा.

म्हणून एक तर गाडी तासभर नीट पळवा, नाही तर हात लावू नका.

मुलाशी फोनवर बोलताना कळलं की त्याच्या शेजाऱ्याची जुनी मस्टँग आहे आणि ती दर हिवाळ्यात नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये असते. तिकडं बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि मिठानं गाडीचा पत्रा खालून खाल्ला जातो. म्हणून शौकाची गाडी हिवाळाभर बाहेर काढायचीच नाही. पारा उणे २० च्या खाली जातो. तिथं बॅटरी उतरलेली ठेवली तर आतलं ॲसिड पातळ होऊन त्याचं जवळपास पाणीच होतं, आणि ते उणे दहाच्या आसपास गोठतं, बॅटरी फुटते. पूर्ण चार्ज असेल तर उणे पन्नासलाही काही होत नाही. इंजिन गार ठेवणारं कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवतात, ते उणे पस्तीसपर्यंत पातळ राहतं.

आपल्याकडं महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दव गोठलं की पेपरात फोटो येतो, इतकीच आपली थंडी. साताऱ्यात डिसेंबरात रात्री दहा-बारा अंशांवर आलं तरी लोक शेकोट्या पेटवतात. त्यामुळं तिकडची निम्मी यादी इथं लागू नाही. तरी कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरणाऱ्यांना मी अजून ओरडतो, कारण कूलंट गंज धरू देत नाही, गोठण्याचा प्रश्न असो वा नसो. हिवाळा तसा गाडी ठेवायला उत्तम, हवा कोरडी. पावसाळ्यात ठेवायची असती तर मी दुप्पट काळजीत असतो. आमची खरी परीक्षा फेब्रुवारीनंतर. शटरच्या शेडवर पत्रा आहे, एप्रिलमध्ये दुपारी आत उभं राहवत नाही. दहा अंश उष्णता वाढली की बॅटरीचं आपोआप उतरणं जवळपास दुप्पट होतं. तिकडं थंडी बॅटरी मारते, इकडं ऊन.

तर काय काय केलं ते सांगतो.

आधी धुतली, खालून सुद्धा, पावसाळ्याचा चिखल चाकांच्या कमानीत बसलेला असतो आणि तो ओल धरून ठेवतो. धुतल्यावर लगेच शेडमध्ये घातली नाही. हायवेला लागून पाचवडपर्यंत गेलो आणि आलो. ऑइल नीट तापलं, सायलेन्सर कोरडा झाला, ब्रेक वाळले. परत येताना वाढे फाट्यापासून एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, म्हणजे एसीच्या कॉइलवरची ओल सुकते. ती तशीच राहिली तर परत आल्यावर पहिल्या दिवशी गाडीत ओल्या फडक्याचा वास येतो.

येता येता टाकी गळ्यापर्यंत नाही, पण पंपाची नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरली. याबद्दल वाद आहेत. काही जण म्हणतात, टाकी रिकामी ठेवा, जुनं पेट्रोल राहायला नको. माझं मत उलट. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या उसातून निघालेलं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकीत हवा कमी तर ओल कमी. भरलेल्या बंद टाकीत सहा महिने पेट्रोल निभावतं. वर्षभर ठेवायचं असतं तर मी काढून घेतलं असतं. मुलगा म्हणाला, तिकडं पेट्रोल टिकवायचं औषध मिळतं, ते टाकतात. चांगलं आहे, पण त्यासाठी मी अडून बसलो नाही.

घरी आल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलला. "परत आल्यावर बदला की, सहा महिने गाडी पळणारच नाही," असं शेजारी म्हणाले. पण जळलेल्या ऑइलमध्ये ॲसिड आणि ओल साठलेली असते, आणि ती सहा महिने बेअरिंगला चिकटून बसू नये म्हणून जातानाच बदलायचं.

हवा ३३ ऐवजी ४० भरली. टायरच्या कडेवर जो कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या आतच. उभ्या गाडीचं वजन टायरच्या त्याच जागेवर पडून तिथं सपाटी येते, मग गाडी चालवताना धडधड जाणवते. जॅकवर चढवायचा सल्ला देणारे भेटले. सहा महिन्यांसाठी मला ते पटत नाही, सस्पेन्शन लोंबकळत ठेवून दुसरी दुखणी. त्याऐवजी पुतण्याला काम दिलंय, ते पुढं सांगतो.

हँडब्रेक ओढलेला नाही. मागच्या ड्रमला ब्रेकचे शू महिनोन् महिने दाबून राहिले की गंजानं चिकटतात, मग सोडवायला ड्रमवर हातोडी. गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. ड्रायव्हर लोक दगड लावतात, तेही चालतं, पण शेडची फरशी गुळगुळीत आहे, दगड सरकतो.

आता उंदीर. खरं सांगायचं तर बॅटरीपेक्षा मला याची धास्ती जास्त, आणि इथं मिनियापोलिस आणि करंजे सारखेच. मुलाच्या शेजाऱ्याची सगळ्यात मोठी तक्रार उंदरांचीच आहे म्हणे. आमच्याकडं तर नोव्हेंबर म्हणजे कारखाने सुरू, उसाला तोड. फड मोकळे झाले की त्यातले उंदीर घरांकडं वळतात. सोयाबीन आधीच निघालेलं असतं, रानात खायला काही उरत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींची गाडी अशीच चार महिने उभी होती. चालू झाली, पण दम घेईना. मला बोलावलं. मी एअर फिल्टरच्या डब्याच्या चार क्लिपा काढल्या आणि झाकण उचललं. आत एक संसार. शेंगांची टरफलं, सीटखालचा पिवळा फोम बारीक कातरून केलेली गादी, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे, त्यावर गणपतीचा अर्धा फोटो शाबूत. फिल्टरचा कागद एका कोपऱ्यात कुरतडून भोक पाडलेलं. मधोमध गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं. गुरुजी म्हणाले, "यांना आता कुठं ठेवायचं?" मी फिल्टरचं विचारत होतो, त्यांना पिल्लांची पडली होती. शेवटी डबा तसाच उचलून परसात, जास्वंदीखाली ठेवला. मी जाऊन नवा फिल्टर आणला.

त्यांचं नशीब की वायरिंग वाचलं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. वायरवरचं प्लास्टिक त्याला सोयीचं पडतं. इंजिनची हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, एकदा कातरली की कुठली वायर तुटलीय ते शोधण्यात मेकॅनिकचा दिवस जातो आणि बिलात ते दिसतं.

म्हणून मी आधी गाडी आतून रिकामी केली. सीट पुढं-मागं सरकवून व्हॅक्यूम मारला. निघालं काय काय, तर शेंगदाणे, कंदी पेढ्यांच्या बॉक्समधला भुगा, मागं औंधला यमाईला गेलो होतो तेव्हाचा प्रसादाचा खडीसाखरेचा खडा, आणि मंडळींचं हरवलेलं कानातलं. ते कानातलं सापडल्यावर गाडीवरून बोलणं दोन दिवस बंद होतं.

मग एअर इनटेकच्या तोंडात आणि सायलेन्सरच्या पाइपात भांडी घासायची तारेची घासणी सैल कोंबली. कापडाचा बोळा घालू नका, कापड ओल धरतं आणि उंदराला अंथरूणही मिळतं. तार त्याला तोंडात धरवत नाही. आतल्या हवेचं बटण रिसर्क्युलेशनवर ठेवलंय, म्हणजे बाहेरची झडप बंद राहते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टिअरिंगला लाल चिंधी बांधून त्याखाली मोठ्या अक्षरात कागद लावलाय, "घासण्या काढल्याशिवाय चालू करू नये." कागद पुतण्यासाठी आहे असं त्याला वाटतं, पण सहा महिन्यांनी मलाही तो लागेल.

बॉनेटखाली निपाणीच्या पानतंबाखूच्या पुड्या कापडात बांधून ठेवल्यात. उपयोग होतो का? वास उग्र आहे तोवर होतो, महिना-दीड महिन्यानं पुड्या बदलाव्या लागतात. डांबरगोळ्या मी गाडीच्या आत ठेवत नाही, तो वास सीटमध्ये मुरतो आणि लहान लेकराला घेऊन बसायचं असलं तर बरा नाही. शेडमध्ये कोपऱ्यात ठेवल्यात. विषाचा तर विचारच नको. उंदीर विष खाऊन ब्लोअरच्या डक्टमध्ये जाऊन मेला तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन पिंजरे लावलेत भिंतीकडेला, भाकरीच्या तुकड्याला शेंगतेल लावून.

वरून प्लास्टिकचं कव्हर नाही. दुकानात चंदेरी चकचकीत मिळतं, ते आतून घाम धरतं. बंद शेडमध्ये जुन्या सुती चादरी पुरतात, फक्त घालण्यापूर्वी धूळ पुसायची, नाहीतर चादर सरकली की पॉलिशपेपर फिरवल्यासारखे ओरखडे.

कागदपत्रांचं थोडक्यात. आमचा विमा फेब्रुवारीत संपतोय. गाडी रस्त्यावर नाही तर विमा कशाला, असा विचार करू नका. शेडला आग लागली, चोरी झाली, तर तोच कामाला येतो. शिवाय संपल्यावर ९० दिवसांत भरला नाही तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. मुलाला सांगून तिकडूनच ऑनलाइन भरणार आहे. पीयूसी आल्यावर काढू.

राहता राहिला पुतण्या. त्याला शटरची आणि दाराची चावी दिली. त्याचं काम असं: महिन्यातून एकदा यायचं, पिंजरे बघायचे, तंबाखूच्या पुड्या बदलायच्या, ठोकळे काढायचे, गाडी न्यूट्रल करून मित्राला घेऊन फूटभर ढकलायची म्हणजे टायरची जागा बदलते, पुन्हा पहिला गिअर आणि ठोकळे. बस. बॉनेट उघडल्यावर इंजिनकडं बघून हळहळायची परवानगी आहे. "चालूच करायची नाही?" असं त्यानं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी दहा नंबरचा पाना घेतला, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवलं आणि बॅटरीच बाहेर काढली. निगेटिव्ह आधी अशासाठी की, पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते.

बॅटरी आता पोवई नाक्याजवळच्या ओळखीच्या बॅटरीवाल्याकडं आहे. तो दीड महिन्यातून एकदा चार्जिंगला लावेल. बारा पूर्णांक चार व्होल्टच्या खाली येऊ द्यायची नाही, एवढं सांगितलंय. त्यानं ती फरशीवर ठेवली म्हणून मंडळी हळहळल्या, जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते म्हणे. जुन्या रबरी कवचाच्या बॅटऱ्यांचं ते होतं, आताच्या प्लास्टिकच्या कवचातून काही झिरपत नाही.

परत आल्यावरचा क्रम असा. घासण्या काढायच्या, दोन्ही. एअर फिल्टरचा डबा उघडून बघायचा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी. हवा चाळीसवरून तेहतीसवर. बॅटरी जोडताना आधी पॉझिटिव्ह. चालू झाल्यावर आयडलिंग थोडं वरखाली होईल, कॉम्प्युटरला पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो, घाबरायचं नाही. डिस्कवर तांबूस गंज दिसेल आणि पहिले दोन-चार ब्रेक खरखरतील, तोही निघून जातो. गेटच्या आतच एकदा जोरात ब्रेक दाबून बघायचा आणि मगच रस्त्यावर.

पण त्याआधी एप्रिलअखेरच्या उन्हात, जेटलॅगच्या झोपेत, बॅटरी आणायला मला पोवई नाक्याला रिक्षानं जावं लागणार आहे. पुतण्या म्हणाला, "काका, मी माझ्या गाडीवर आणून ठेवतो की आदल्या दिवशी." आणून ठेव म्हटलं, जोडू नको.